पाण्याचा वाफा

माझ्या घशात शिट्टी वाजायला लागली तेव्हा आमचं पुसेगाव नुकतंच परभणी जिल्ह्यातून निघून हिंगोली जिल्ह्यात आलं होतं. अंगणवाडीच्या वह्यांवरचं 'परभणी' खोडून मी 'हिंगोली' लिहीत बसायची आणि श्वास आत ओढला की घशातून सूं असा आवाज यायचा. लेकरांना भारी गंमत. एक कार्टी तर मी पाठ फिरवली की हुबेहूब तसाच आवाज काढायची. एकदा पकडून तिचा कान पिळला, तर तिची आई भांडायला आली, आणि भांडता भांडता मलाच इतकी धाप लागली की शेवटी तिनंच मला पाणी पाजलं.

मी तापट आहे हे गावाला ठाऊक आहे. तेव्हा भांडणात श्वास कमी पडणं ही माझ्यासाठी काही लहानसहान तकलीफ नव्हती.

सगळे म्हणाले, दमा हाय. हिंगोलीच्या डॉक्टरनं तोंडात मारायचा पंप दिला. वसमतच्या एका वैद्यानं काळ्या पुड्या दिल्या, त्या इतक्या कडू की नवऱ्याशी गोड बोलणंच बंद झालं, असं आमचे मालक म्हणजे माझा नवरा दुकानात सगळ्यांना सांगायचे. त्यांचं बी-बियाणं, खत आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. घर मागं, दुकान पुढं, आणि दुकानात टेलिफोन. हा टेलिफोन लक्षात ठेवा.

काही वर्षं अशी काढल्यावर औरंगाबादच्या एका दवाखान्यात घशात दुर्बीण घातली, तेव्हा खरं काय ते कळलं. दमा नव्हताच. आवाजाच्या पेटीच्या खाली माझी श्वासनळी आतून आक्रसत चालली होती. डॉक्टरनं कागदावर नळी काढून दाखवली. म्हणाले, जिथं अंगठा जायला हवा तिथं आता करंगळी जायची मारामार आहे. मी विचारलं, कशानं झालं? म्हणाले, कारण सापडत नाही, आजार फार क्वचित दिसतो, आणि दिसला तर बहुतेक बायकांनाच. म्हटलं, वा, हे बरं हाय, हेबी आमच्याच पदरात.

इलाज म्हणजे भूल देऊन घशात फुगा घालायचा, तो फुगवून नळी रुंद करायची. पाच-सहा महिने बरे जायचे की नळी पुन्हा आवळायची. फुग्यानं भागेनासं झालं की काय करतात, तेही मी त्या दवाखान्यातच पाहिलं. बाकावर एक म्हातारे बसलेले असायचे. त्यांच्या गळ्याला भोक पाडून त्यात नळी बसवलेली होती. श्वास त्या नळीतून. बोलायचं तर नळीच्या तोंडावर बोट ठेवायचं, मग हवा वर जाते आणि आवाज फुटतो. बोट काढलं की शब्द बंद. ते सगळ्यांशी हसून बोलायचे, पण मी त्यांच्यासमोर बसायची टाळायची.

तिथंच ती मला भेटली. माझ्याच वयाची, नाकात चमकी, पदर डोक्यावरून घट्ट. माझ्या शिट्टीला तिच्या शिट्टीनं उत्तर दिल्यासारखं झालं तेव्हा आम्ही दोघींनी एकदम मान वळवली. विचारपूस केली तर ती आमच्याच सेनगाव तालुक्यातल्या तांड्यावरची निघाली, पुसेगावपासून दीड कोसावर. डॉक्टरांनाही नवल वाटलं. एवढा क्वचित आजार आणि दोन रोगी एकाच तालुक्यात!

म्हाताऱ्यांकडं बघून ती माझ्या कानात म्हणाली, "बाई, बोलायला बोट लागतंय. मंग भांडण कसं करायचं? एक हात कमरंवर, एक हात गळ्यावर?"

आम्ही इतक्या हसलो की दोघींनाही धाप लागली. तेव्हापासून ती मला बाई म्हणायची, अंगणवाडीच्या बाईला म्हणतात तसं, आणि मी तिला तू म्हणायची. आवडली होती मला ती. हे आधीच सांगते, नाहीतर पुढचं ऐकून तुम्ही म्हणाल, हिच्या मनात पहिल्यापासूनच काळं होतं.

त्याच वर्षी डॉक्टरांनी दोघींना बोलावून सांगितलं की एक नवं इंजेक्शन आलंय. महिन्यातून एकदा, वर्षभर. नळी पुन्हा आवळू नये म्हणून ते उपयोगी पडतं का हे बघायचंय. तयार असाल तर सही करा. निम्म्या बायकांना औषध मिळेल, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कुणाला काय ते ना तुम्हाला कळेल ना आम्हाला, वर्षानंतर यादी उघडेल. मध्ये शिट्टी वाढली तर गोळ्या आहेत, फुगा आहे, वाऱ्यावर सोडणार नाही.

कागद मराठीत होता. 'जैविक औषधाची चाचणी' असं वर लिहिलेलं. मी घरी आणून मालकांना दाखवला. त्यांनी 'जैविक' एवढाच शब्द वाचला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अगं, जैविक हाय! म्या रोज इकून राहिलो जैविक. हळदीच्या कंदकुजीला नाही का आपण देत? जैविकनं नुकसान काहीच न्हाई. फायदा जरा उशिरा व्हतो, एवढंच."

मी म्हटलं, अहो, ते जिवंत पेशींपासून बनवतात असं डॉक्टर म्हणाले. ते म्हणाले, "मंग तेच सांगून राहिलो. आपल्या पुडीतबी जिवंतच असतंय."

आणि निम्म्यांना पाणी, हे तर त्यांना फारच पटलं. कंपनीची माणसं रस्त्याकडेच्या हळदीत हेच करायची. दोन वाफे शेजारी शेजारी. एकाला औषध, दुसऱ्याला नुसतं पाणी, दोन्हींवर पत्र्याच्या पाट्या. मग गावाला बोलावून दाखवायचं, बघा, औषधाचा वाफा कसा हिरवागार आणि पाण्याचा वाफा कसा पिवळा पडलाय. "नदरंला दिसतंय की," मालक म्हणाले. "तुमचंबी दिसंल. काय यादी उघडायची गरज न्हाई."

हे वाक्य माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलं.

अर्ज मी भरला. तिचा पण मीच भरला. मी दहावी पास, ती अंगठेबहाद्दर. अंगठा कुठं उठवायचा ते मी दाखवलं. तांड्यावर फोन नव्हता, म्हणून तिच्या नावापुढं आमच्या दुकानाचा नंबर लिहिला, तोही मीच. दवाखान्यातून काही निरोप आला तर मी तिला बाजारच्या दिवशी सांगायचं, असं ठरलं.

दर महिन्याला आम्ही दोघी जायचो. पुसेगावहून हिंगोली, हिंगोली डेपोतून औरंगाबादची एसटी. ती भाकरी आणि लसणाचा ठेचा आणायची, मी दशम्या. पहिले दोन-तीन महिने बहिणी-बहिणी असल्यासारखे गेले.

मग तिचे गाल वर यायला लागले.

आधी मला वाटलं, भास असेल. चौथ्या महिन्यात डेपोवर पाहते तर तोंड कसं भरलेलं, गोल, गालांवर लाली. ब्लाउजच्या बाह्या दंडाला घट्ट झालेल्या. "लई भूक लागून राहिली बाई," म्हणाली, आणि माझ्या दोन दशम्या खाल्ल्या. माझं काय चाललं होतं? मी वाळत होते. आरशात गळ्याची हाडं मोजता यायची. औषधाचा वाफा आणि पाण्याचा वाफा एसटीच्या एकाच बाकावर शेजारी शेजारी बसले होते, पाट्या तेवढ्या लावायच्या राहिल्या होत्या.

जळफळाट म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं. शेजारणीनं गोठ घातले तर बायका जळतात, ते जळणं वेगळं. इथं माझा श्वास होता. माझ्या वाटचा श्वास तिला देऊन टाकलाय आणि ती तो माझ्याशेजारी बसून घेतेय, वर माझ्या दशम्या खातेय, असं मला बराबर वाटायचं. तिचं हसणंही खुपायला लागलं. सिस्टर तिला चहा द्यायच्या, मला विसरायच्या. डॉक्टर तिला जास्त वेळ तपासायचे. माझ्या घशाला स्टेथोस्कोप लावला न लावला की म्हणायचे, "ठीक आहे, या." ठीक आहे, या! भिकाऱ्याला पुढं हो म्हणतात तसं.

आणि गोळ्या. गोळ्यांनी तर कहरच केला. दोघींना त्या सुरुवातीपासून होत्या. दर खेपेला तिच्या वाढवायचे आणि माझ्या कमी करायचे. मी एकदा फटकन विचारलंच, "माझ्याच गोळ्या काहून कापता? मी काय सवतीची हाय?" डॉक्टर हसले, म्हणाले, तुम्हाला लागत नाहीत. मला वाटलं, टाकून दिली मला. जी जगणार तिच्यावर खर्च करायचा, दुसरी म्हणजे पाण्याचा वाफा.

मालकांना सांगितलं तर म्हणाले, "जैविक हाय, उशिरा लागू व्हतं." मी म्हटलं, तिला बरं लवकर लागू झालं? तर बियाण्याच्या पुड्या मोजायला लागले. दुकानदार माणूस, गिऱ्हाइकाशी वाद घालायचा नाही हे त्यांना पक्कं ठाऊक.

खरं सांगायचं तर माझी शिट्टी वाढलेली नव्हती. आठ महिने झाले, फुगा घालावा लागला नव्हता. गावाबाहेरच्या विहिरीपर्यंत मी एका दमात जायला लागले होते. पण तिकडं लक्ष कुणाचं होतं? मी तिच्या गालांकडं बघत होते. माणसाची नजर एकदा दुसऱ्याच्या ताटात गेली की आपल्या ताटातलं काय खाल्लं तेही कळत नाही.

नवव्या महिन्यात तिचं इंजेक्शन अडलं. रक्तात साखर निघाली होती. सिस्टर म्हणाल्या, पुन्हा तपासतो, रिपोर्ट आला की तुमच्या त्या नंबरवर फोन करून तारीख सांगतो. मला टोचलं, तिला नाही. परतीच्या एसटीत तिनं भाकरी सोडलीच नाही. खिडकीकडं तोंड करून म्हणाली, "बाई, फोन येईल ना?" मी म्हटलं, येईल की. आतून मला इतकं बरं वाटलं होतं की मीच तिला माझी दशमी पुढं केली.

आठवड्याभरात फोन आला. मालक हिंगोलीला माल आणायला गेले होते. मीच उचलला.

सिस्टर म्हणाल्या, "रिपोर्ट ठीक आहे. त्यांना बुधवारी यायला सांगा. शनिवारपर्यंत चालेल, पण त्याच्या पुढं गेलं तर नियमानं अभ्यासातून नाव काढावं लागतं. नक्की सांगाल ना?"

मी म्हटलं, सांगते.

आता अंगणवाडीतला एक नियम सांगते. गैरहजर पोराची सुकडी परत जात नाही, ती हजर पोरांत वाटायची. वीस वर्षं मी तेच केलंय. फोन ठेवल्यावर माझ्या मनात आलं ते हेच. ती आली नाही तर तिच्या वाटचं औषध कुणाला? जी हजर आहे तिला. डॉक्टर टाकून थोडंच देणार आहेत? आणि तिला काय कमी झालंय, चांगली गरगरीत झालीय, एक-दोन खेपा चुकल्या तर मरते का काय. असं सगळं मी अगदी शहाण्यासारखं स्वतःला समजावलं.

मंगळवारी बाजार होता. ती दुकानाच्या पायरीवर येऊन उभी राहिली. चढ चढून आलेली, धापत होती, पण मला ते दिसलं नाही. मला गाल दिसले.

"बाई, फोन आला का?"

"न्हाई ग."

शुक्रवारी ती मुद्दाम आली, बाजार नसताना. दीड कोस चालत. "बाई, फोन आला का?"

मी मापाच्या डब्यातलं बी सारखं करत होते. मान वर केली नाही. "आला असता तर सांगितलं नसतं का तुला?"

"तसं न्हाई बाई," ती ओशाळून म्हणाली. "तुमी तर सांगालच."

दहाव्या महिन्यात मी एकटीच औरंगाबादला गेले. सिस्टरनं विचारलं, निरोप दिला होता ना? मी म्हटलं, दिला होता, नाही आली. तिचं नाव निघालं. आणि एक सांगायचं राहिलं, मला इंजेक्शन तेवढंच मिळालं जेवढं आधी मिळायचं. सुकडीचा नियम तिथं नव्हता.

दिवाळीनंतर ती नवऱ्याबरोबर ऊसतोडीला गेली. कोयता, लेकरं, भांडी, सगळं ट्रकवर चढवून तांडा निघाला. जाताना आमच्या दुकानासमोर ट्रक थांबला होता. तिनं वरूनच हात केला. मीही केला.

वर्ष पूर्ण झालं. यादी उघडली तेव्हा डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं, "तुम्हाला औषध होतं. पहिल्या दिवसापासून." मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी म्हटलं, साहेब, मी तर वाळले. म्हणाले, त्या गोळ्यांनी अंगावर सूज येते, गोळ्या कमी झाल्या म्हणून ती उतरली, हे तुमचं मूळचं अंग.

सूज हा शब्द ऐकला आणि मला एकदम तिचं तोंड आठवलं. मी विचारलं, आणि तिचे गाल?

"गोळ्यांची सूज ती," डॉक्टर म्हणाले. "नळी सारखी आवळत होती, म्हणून गोळ्या वाढवत होतो. साखरही त्यानंच आली."

बाहेर आल्यावर सिस्टर कागद लावता लावता हळहळल्या. बाई होती मोठी गमतीची, म्हणाल्या. शेवटपर्यंत टिकली असती तर आता पाणीवाल्यांना वर्षभर खरं औषध देतायत, तिलाही मिळालं असतं. मी विचारलं, आता नाही का घेता येणार? मी आणते तिला, जिथं असेल तिथून आणते. त्या म्हणाल्या, नाव निघालं की निघालं, आमच्या हातात नाही. मी तिथं बाकावर बसून रडले. त्यांना वाटलं, मी बरी झाले म्हणून रडतेय. त्यांनी मला चहा दिला.

मालकांना मी काही सांगितलं नाही. ते दुकानात येईल त्याला सांगत सुटले, बघा, जैविक! म्या म्हणलं नव्हतं?

उन्हाळ्यात ऊसतोडीची माणसं परत आली. बाजारचा दिवस होता, मी दुकानात एकटी. पायरीवर सावली पडली. वर पाहिलं तर ती. गाल उतरले होते. गळ्याला पांढरा रुमाल बांधलेला, आणि रुमालाच्या मध्ये नळीचं तोंड, दवाखान्यातल्या त्या म्हाताऱ्यांसारखं. पुढं कळलं, उसाच्या फडातच तिचा श्वास कोंडला होता, जवळच्या गावी नेऊन जीव वाचवायला गळा उघडावा लागला. हातात गुळाची छोटी ढेप होती, माझ्यासाठी आणलेली. ती तिनं मापाच्या डब्याशेजारी ठेवली.

मग बोट गळ्यावर ठेवलं आणि खरखरीत आवाजात, हसत हसत म्हणाली,

"बाई, फोन आला का?"

थट्टा होती. तिनं दुसरा हात कमरेवर ठेवला, भांडणाला उभं राहावं तसा, मला आठवण करून द्यायला. म्हणाली, "त्या दवाखान्यावाल्यायनं केलाच न्हाई बघा फोन. गरिबाला कोण इचारतंय. तुमचा एवढा नंबर देऊन फुकट गेला."

मला गप्प बसता आलं असतं. एवढे महिने बसलेच होते. पण ती माझ्या वाटच्या शिव्या दवाखान्याला देत होती, आणि गूळ माझ्यासमोर होता.

मी म्हटलं, "फोन आला व्हता."

तिचं हसू तसंच राहिलं, समजलं नाही तिला.

"मीच उचलला. बुधवारी बोलावलं व्हतं तुला. तू दोनदा इचारलंस, मी दोनदा न्हाई म्हणाले. मला वाटलं, तुला औषध हाय आन् मला पाणी."

आता शिव्या येतील, मी म्हटलं. येऊ देत. सगळा बाजार गोळा होऊ दे. मी उभी राहिले, ऐकायला.

तिनं गळ्यावरचं बोट काढलं.

कमरेवरचा हातही खाली आला. ती माझ्याकडं बघत राहिली आणि नळीतून श्वास येत-जात राहिला. त्यात शिट्टी नव्हती. माझ्याही श्वासात नव्हती. मी किती वेळ वाट पाहिली, पण ते बोट पुन्हा वर गेलं नाही. मग ती पायरी उतरली आणि बाजारात निघून गेली.